शिराझ : एका द्राक्षाची ओळख



मराठी माणसाला भाताच्या जाती ओळखता येतात. शेजारच्या घरी आंबेमोहोर शिजत असला तर तो आपल्या ओटीवर कळतो. आणि हापूस व पायरी यांत गल्लत करणाऱ्या जावयाची थट्टा पुढची दहा वर्षे चालते. परंतु द्राक्षाचा, जवाचा, उसाच्या मळीचा किंवा मोहाच्या फुलांचा अर्क आंबवून अथवा गाळून माणसाने जी जी पेये निर्माण केली, त्या सर्वांना आपण व्यवहारात एकाच शब्दाच्या पोत्यात कोंबले आहे. तो शब्द म्हणजे दारू. हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला. तिकडे त्याचा अर्थ औषध. आपल्याकडे तो तोफेत ठासायच्या भुकटीलाही लागला आणि पेल्यातल्या द्रवालाही लागला. आणि दोहोंचे परिणाम पाहता आपल्या पूर्वजांनी फार मोठा अन्याय केला असे काही म्हणवत नाही.

तथापि भेद करण्याची दृष्टी आपल्याकडे कधीच नव्हती, असे मात्र नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्याचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. मी स्वतः सरकारी नोकर असल्यामुळे ते प्रकरण अंमळ अधिक आपुलकीने वाचतो. त्यात मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधु असे मद्यांचे सहा प्रकार सांगितले आहेत. यांपैकी मधु म्हणजे द्राक्षाच्या रसाचे मद्य. त्याची दोन नावे कौटिल्य देतो, कापिशायन आणि हारहूरक, आणि ही नावे त्या त्या देशावरून पडली आहेत हेही तो सांगतो. कापिशी म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातील बेग्रामचा परिसर. पाणिनीच्या व्याकरणातही या स्थळाची दखल आहे. म्हणजे द्राक्षाच्या मद्याला त्याच्या भूमीवरून ओळखावे, ही कल्पना फ्रेंचांच्या फार पूर्वी आपल्या देशातल्या एका काटेकोर राजनीतिज्ञाला ठाऊक होती. पानगृहात ऋतूला अनुरूप अशी फुले, सुगंध आणि पाणी असावे असे सांगणारा हाच कौटिल्य, तेथे बसलेल्या गिऱ्हाइकांच्या खर्चावर हेरांनी नजर ठेवावी असेही बजावतो. रसिकता आणि दक्षता यांचे हे मिश्रण मला मोठे मनोहर वाटते, आणि आजचे भाषण त्याच वृत्तीने करावयाचे मी योजिले आहे.

दक्षतेचा भाग आधी उरकतो, कारण तो औपचारिक नाही. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने मादक पेयांच्या सेवनास आळा घालण्याचा प्रयत्न राज्याने करावा असे म्हटले आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी ज्या जिल्ह्यात होतो, तेथे आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी सायंकाळी मजुरीचे पैसे कोठे जातात, आणि दुसऱ्या दिवशी कचेरीच्या पायऱ्यांवर कोण रडत बसते, हे मी पाहिले आहे. गडचिरोलीतील स्त्रीपुरुषांनी चळवळ करून १९९३ साली आपल्या जिल्ह्यात दारूबंदी आणविली, तिची किंमत मी जाणतो. अल्कोहोलचे अमुक इतके प्रमाण निर्धोक आहे असे म्हणता येत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्टच सांगितले. तेव्हा जे पीत नाहीत त्यांनी प्यावे, असे सुचविण्याचा माझा मुळीच हेतू नाही. बडोदे आणि पाटणा येथील श्रोत्यांना तर हे भाषण केवळ कानांनीच प्यावे लागेल. परंतु एखादी वस्तू घातक होऊ शकते म्हणून ती जाणूच नये, हे मला पटत नाही. उलट, जो भेद करू लागतो तो सावकाश चालतो. युरोपात वाइनचे जे व्यावसायिक परीक्षक असतात, ते दिवसाला पन्नास प्याले चाखतात आणि प्रत्येक घोट थुंकून टाकतात. कोलकात्याचे चहाचे परीक्षक करतात तसेच. त्यांना नशा नको असते, उत्तर हवे असते.

आज ज्या द्राक्षाची ओळख करून द्यावयाची, त्याला दोन नावे आहेत. फ्रान्समध्ये त्याला सिरा म्हणतात आणि ऑस्ट्रेलियात शिराझ. आपल्या नाशिक भागातल्या बागाईतदारांनी दुसरे नाव उचलले, म्हणून मीही तेच अधिक वापरीन. लाल वाइनच्या अभिजात द्राक्षांची गणना करताना काबर्ने सोव्हिन्यों आणि पिनो न्वार यांच्या पंक्तीला याचे पान मांडावेच लागते.

नाव ऐकताच आपल्या मनात काय उभे राहते? इराणमधील शिराझ, हाफिज आणि सादी यांचे शिराझ, गुलाबांचे आणि साकींचे शिराझ. ज्यांना उर्दू-फारसी काव्याचा थोडा जरी स्पर्श झाला आहे, त्यांना हे द्राक्ष त्या नगरीतूनच आले असणार यात शंका वाटणार नाही. शिराझचे मद्य प्रसिद्ध होते हेही खरेच. सतराव्या शतकात सुरतेच्या इंग्रज वखारीत जेवणाच्या मेजावर ते मांडले जात असे, आणि तत्कालीन प्रवाशांनी त्याचा उल्लेख केला आहे. त्यातच फ्रान्समध्ये एक आख्यायिका तयार होती. गास्पार द स्तेरिंबेर नावाचा एक सरदार १२२४ साली धर्मयुद्धाहून थकूनभागून परतला, ऱ्होन नदीकाठच्या एका टेकडीवर त्याने एकान्तवासासाठी कुटी बांधली, आणि पूर्वेकडून आणलेली द्राक्षवेल तेथे लावली. कुटीला फ्रेंचमध्ये एर्मिताज म्हणतात. त्या टेकडीचे आणि तिच्यावरच्या वाइनचे नाव तेच पडले. कथा सुरस आहे. फक्त तिच्यात एक अडचण आहे. हा सरदार ज्या धर्मयुद्धावरून परतला ते अल्बिजेन्सियन पंथाविरुद्धचे युद्ध होते, आणि ते फ्रान्सच्याच दक्षिण भागात लढले गेले. तेथून परतताना वाटेत इराण लागत नाही.

कोणी म्हणत, वेल सिसिलीतल्या सिराक्यूझहून आली. नावातील साम्यावर उभारलेले इतिहास आपल्याकडेही थोडे नाहीत. प्रत्येक गावाच्या नावामागे एक पांडव उभा असतो. या वादाचा निकाल अखेर प्रयोगशाळेत लागला. १९९८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील कॅरोल मेरेडिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, फ्रान्समधील माँपेलिये येथील संशोधकांच्या साहाय्याने, द्राक्षवेलींच्या डीएनएची तुलना केली. माणसाच्या पितृत्वाचा वाद ज्या पद्धतीने सोडवितात तीच ही पद्धत. निष्कर्ष निर्विवाद होता. या द्राक्षाचा पिता द्युरेझा नावाचे काळे द्राक्ष आणि माता मोंद्युझ ब्लांश नावाचे पांढरे द्राक्ष. पहिले फ्रान्सच्या आर्देश भागातले, दुसरे आल्प्सच्या पायथ्याच्या साव्हॉयमधले. दोन्ही इतकी सामान्य की त्यांची नावे द्राक्षशास्त्राच्या अभ्यासकांपलीकडे कोणाला ठाऊकही नव्हती. कोण्या अनाम मळ्यात, कोण्या शतकात, वाऱ्याने उडालेला एक पराग दुसऱ्या फुलावर पडला, त्या फळातली एक बी रुजली, आणि कोण्या शेतकऱ्याने ती उपटून टाकली नाही. शिराझ नगरीशी, हाफिजशी, सरदाराशी या वेलीचा काही संबंध नाही. ऱ्होनच्या खोऱ्यातली ती घरचीच लेक आहे.

हे कळल्यावर काही रसिकांना हळहळ वाटली असे म्हणतात. मला उलट आनंद झाला. थोर कुळातला जन्म नसताना जी वस्तू आपल्या अंगच्या गुणाने मोठी होते, तिच्याविषयी आदर वाटणे आपल्याला अवघड जाऊ नये. कर्णाची कथा आपण पिढ्यान् पिढ्या ऐकत आलो आहोत.

ती टेकडी मी पाहिली आहे. सरकारी कामासाठी काही आठवडे ल्यों शहरात मुक्काम असताना एका रविवारी मी स्थानिक गाडीने दक्षिणेकडे निघालो, आणि तासाभराने तँ नावाच्या लहानशा गावी उतरलो. स्थानकाच्या मागेच टेकडी उभी आहे. माथ्यावर दगडी प्रार्थनागृह, उतारावर पायऱ्यापायऱ्यांच्या ताली, आणि तालींच्या भिंतींवर व्यापारी पेढ्यांची नावे एवढ्या मोठ्या अक्षरांत रंगविलेली की आगगाडीतून वाचता यावीत. तेवढे एक सोडले तर देखावा थेट आपल्या सह्याद्रीच्या नाचणीच्या उतारांची आठवण करून देणारा. एर्मिताजचे सारे क्षेत्र सुमारे १४० हेक्टर, म्हणजे साडेतीनशे एकरांच्या आतबाहेर. आपल्याकडच्या एखाद्या गावाच्या शिवारापेक्षाही लहान. दक्षिणेकडे वाहणारी ऱ्होन नदी येथे एक वळण घेते आणि त्या वळणामुळे टेकडीचा उतार दक्षिणेला तोंड करून बसला आहे. दिवसभर ऊन अंगावर घेणारा खडक सूर्यास्तानंतरही ऊब सोडीत राहतो. पश्चिमेकडचा भाग ग्रॅनाइटचा, मधला गोट्यांचा, पूर्वेकडचा चिकणमातीचा. आणि प्रत्येक भागातल्या द्राक्षाचा स्वभाव निराळा. उत्तरेकडून मिस्त्राल नावाचा वारा सुटतो तो इतका दांडगा की शिराझचे लवलवते फुटवे मोडून पडतात, म्हणून एकेक वेल खुंटीला बांधावी लागते. या उतारांवर यंत्र चढत नाही. पावसाने माती खाली वाहून गेली तर ती पुन्हा टोपल्यांनी वर न्यावी लागे. असे कष्ट करून शतकानुशतके माणसे तेथे टिकली, त्याअर्थी त्या उताराने त्यांना काहीतरी परत दिले असलेच पाहिजे.

अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत बोर्दोचे व्यापारी आपली वाइन फिकी पडली की तिच्यात एर्मिताजची वाइन मिसळून तिला रंग आणि बळ आणीत. फ्रेंच भाषेत या कृतीला एक क्रियापदच तयार झाले होते, एर्मिताज करणे. शेजाऱ्याला लाज न वाटता उसने घेता येईल असा हा एक प्रकारचा सन्मानच म्हणावयाचा.

येथून उत्तरेला, नदीच्या दुसऱ्या तीरावर, कोत-रोती नावाचा आणखी एक उतार आहे. नावाचा अर्थ भाजलेला उतार. तेथे शिराझच्या काळ्या द्राक्षांबरोबर व्हियोनिये नावाची थोडी पांढरी द्राक्षे एकत्र आंबविण्याची चाल आहे. तेवढ्याने वाइनला फुलांचा वास येतो आणि रंगही, आश्चर्य म्हणजे, फिका न होता अधिक पक्का होतो. द्राक्ष तेच, नदी तीच, अंतर काही कोसांचे. परंतु एर्मिताजची वाइन गंभीर आणि कोत-रोतीची सुगंधी. ठुमरी एकच असताना बनारस आणि लखनौ यांची तऱ्हा वेगळी असते, तसेच हे.

आता पेल्याकडे वळू. ज्यांना कायद्याने आणि स्वतःच्या विवेकाने मुभा आहे, त्यांनी ही ओळख कशी करून घ्यावी?

पहिली गोष्ट उष्णतेची. लाल वाइन घरातल्या साध्या तपमानाला प्यावी, हा युरोपातील जुन्या थंडगार घरांचा नियम आहे. नागपूरच्या एप्रिलमध्ये तो पाळू नये. १६ ते १८ अंश सेल्सियस हे शिराझला मानवते. त्यासाठी बाटली अर्धा तास शीतपेटीत ठेवली की पुरते. उष्ण झालेल्या वाइनमधून केवळ स्पिरिटचा भपकारा येतो आणि बाकीचे सगळे त्याखाली बुडून जाते. प्याला काचेचा, रुंद पोटाचा, तोंडाशी निमुळता. आणि तो एकतृतीयांशाहून अधिक भरू नये. उरलेली जागा वासासाठी असते.

मग पांढऱ्या कागदावर प्याला तिरका धरून रंग पाहावा. तरुण शिराझ जवळजवळ काळी दिसते, कडेला जांभळी झाक असते. वय वाढते तशी ती झाक विटकरी होत जाते. त्यानंतर प्याला हलकेच गोल फिरवून नाकाशी न्यावा, आणि घाई करू नये. युरोपीय ग्रंथांत या वासाचे वर्णन ब्लॅकबेरी, मलबेरी, व्हायोलेटची फुले अशा शब्दांत असते. ज्याने ब्लॅकबेरी पाहिलेली नाही त्याने ते घोकण्यात अर्थ नाही. आपल्या स्मृतीत आहेत ते वास धुंडाळावेत. पिकल्या जांभळाचा, तुतीचा, आमसुलाच्या काळ्या सालीचा, धुराचा, कधी ओल्या चामड्याचा. भरिताचे वांगे निखाऱ्यावर भाजताना जो वास सुटतो, त्याच्याजवळ जाणारे काही मला उत्तर ऱ्होनच्या वाइनमध्ये नेहमी सापडते. हे माझे मत आहे. ते कोणी मानलेच पाहिजे असे नाही.

घोट घेतल्यावर जीभ आणि हिरड्या आखडल्यासारख्या होतात, त्याला इंग्रज लोक निरनिराळ्या नावांनी ओळखतात. आपल्याकडे त्यासाठी एक नेमका शब्द आहे. तुरट. षड्रसांत आपण कषाय रसाला स्वतंत्र आसन दिले आहे, ही आपल्या परंपरेची मोठी सोय आहे. द्राक्षाच्या सालीत आणि बियांत टॅनिन असते, ते लाळेतल्या प्रथिनांना बांधून टाकते आणि तोंडातला ओशटपणा नाहीसा करते. सुपारीत, हिरड्यात, काजूच्या बोंडात हेच घडते. कच्च्या सुपारीचा तुरटपणा खरखरीत असतो आणि चांगल्या जांभळाचा मऊ. शिराझ चांगली की सामान्य, हे ठरविताना हाच भेद पाहावयाचा. म्हणूनच मांसाच्या स्निग्ध पदार्थांशी तिचे जमते. परंतु लाल मिरचीचा तिखटपणा आणि अल्कोहोल एकमेकांना पेटवितात, तेव्हा तांबड्या रश्श्याबरोबर तिची सोयरीक करू नये. मिऱ्यांत मुरविलेल्या, निखाऱ्यावर भाजलेल्या पदार्थांना ती शोभते.

आणि आता मिरी. शिराझच्या वासात काळ्या मिऱ्याची स्पष्ट छटा असते, हे जाणकार फार वर्षे सांगत आले होते. ऐकणाऱ्यांना वाटे, ही केवळ उपमा. कवी ज्याप्रमाणे मुखाला चंद्र म्हणतो, त्याप्रमाणे चाखणारा वाइनला मिरी म्हणतो. परंतु २००८ साली ऑस्ट्रेलियन वाइन संशोधन संस्थेतील रसायनशास्त्रज्ञांनी दाखवून दिले की ही उपमा नाही, वस्तुस्थिती आहे. द्राक्षाच्या सालीत रोटंडोन नावाचे एक द्रव्य असते. काळ्या आणि पांढऱ्या मिऱ्याला मिऱ्याचा वास देणारे मुख्य द्रव्यही तेच. मिऱ्याचा तिखटपणा पिपरीन या द्रव्यामुळे असतो, हे १८१९ पासून ठाऊक होते. पण त्याच्या विशिष्ट वासाचे गमक काय, हे कोणी नेमके सांगितले नव्हते. मलबारच्या किनाऱ्यावरून दोन हजार वर्षे जहाजे भरभरून मिरी गेली, तिच्यापायी साम्राज्ये उभी राहिली आणि बुडाली. आणि त्या मिऱ्याच्या वासाचे रहस्य उलगडले ते एका द्राक्षाचा शोध घेताना.

याहून मौज म्हणजे त्या द्रव्याचे नाव. सायपेरस रोटंडस नावाच्या तृणाच्या गाठींत ते आधी सापडले होते, म्हणून रोटंडोन. हे तृण म्हणजे आपला नागरमोथा. शेतकरी ज्याला हट्टी तण म्हणून शिव्या देतो आणि वैद्य ज्याला औषध म्हणून जपतो, दिवाळीच्या उटण्यात जो हमखास असतो, तोच. अभ्यंगस्नानाच्या पहाटेचा तो वास आणि ऱ्होनच्या ग्रॅनाइटवरच्या द्राक्षाचा वास यांच्यात एका रेणूचे सख्खे नाते आहे. मला हे कळले त्या दिवशी मी उटण्याची पुडी आणि मिऱ्याची कुटलेली पूड शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ वास घेत बसलो होतो. घरातल्यांनी पाहिले आणि काही विचारले नाही.

या रोटंडोनची शक्ती विलक्षण आहे. लाल वाइनमध्ये लिटरला १६ नॅनोग्रॅम असले तरी सामान्य नाकाला ते जाणवते. हिशेब केला तर एक ग्रॅम द्रव्य सहा कोटी लिटर वाइनला पुरावे. तरीही त्या प्रयोगात भाग घेणाऱ्यांपैकी सुमारे २० टक्के लोकांना ते कितीही दिले तरी जाणवेना. त्यांच्या नाकाला हा वास जन्मतःच परका होता. म्हणजे एकाच मेजावर, एकाच बाटलीतून ओतलेले पाच प्याले पाच जणांनी घेतले, तर त्यांपैकी एकाला मिऱ्याचा पत्ताच लागणार नाही, आणि तो खोटे बोलत नसेल. अभिरुचीच्या वादांत आपण परस्परांवर जे हेत्वारोप करतो, त्यांतले काही निदान या एका द्राक्षापुरते मागे घ्यावेत असे मला वाटते.

थंड हवेच्या जागी, सावकाश पिकलेल्या द्राक्षांत हे द्रव्य अधिक साठते. कडक उन्हात कमी. म्हणून ऱ्होनच्या उत्तर भागातील सिरा मिऱ्याची, आणि ऑस्ट्रेलियाच्या उष्ण बरोसा खोऱ्यातील शिराझ पिकल्या फळांची, गडद, जवळजवळ मुरंब्यासारखी. दोन नावे ही आता दोन ढंगांचीही नावे झाली आहेत.

ही वेल ऑस्ट्रेलियात नेण्याचे श्रेय मुख्यतः जेम्स बझ्बी या गृहस्थाला देतात. त्याने १८३१ साली स्पेन आणि फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांतून प्रवास केला, शेकडो जातींच्या काड्या गोळा केल्या आणि १८३२ मध्ये त्या सिडनीला पोचविल्या. एर्मिताजलाही तो गेला होता. इराणची दंतकथा त्याने तेथेच ऐकून टिपून ठेवली. पुढे न्यूझीलंडमध्ये ब्रिटिश रेसिडेंट म्हणून त्याची नेमणूक झाली, आणि हाताशी एक शिपाईही नसताना त्याने तेथे काही वर्षे काढली. १८४० च्या वाइतांगी करारनाम्याच्या मसुद्यावर त्याचा हात फिरला आहे. त्या कराराच्या अर्थावरून अजून वाद चालतात; काड्यांविषयी कोणाची तक्रार नाही. दप्तरी कामापेक्षा सवडीतले काम अधिक टिकले, असा सरकारी नोकर इतिहासात विरळा नाही.

बरोसामध्ये १८४३ साली लावलेल्या शिराझच्या वेली आजही फळ देतात. त्याचे कारण असे की १८६० नंतर फिलॉक्सेरा नावाच्या मुळे खाणाऱ्या किडीने फ्रान्सचे मळे उद्ध्वस्त केले, तेथे अमेरिकन खुंटावर कलमे करून पुन्हा सारे उभारावे लागले. परंतु दक्षिण ऑस्ट्रेलियात ही कीड पोचलीच नाही. किडीने जे केले नाही ते मात्र शासनाने थोडेफार केले. १९८० च्या दशकाच्या मध्यात वाइनचा साठा अधिक झाला म्हणून तेथील शासनाने वेली उपटणाऱ्या शेतकऱ्यांना अनुदान दिले, आणि शंभर वर्षांची जुनी शिराझ मुळासकट निघाली. त्या फायलीवरची टिपणे तर्कशुद्ध असतील याविषयी मला तिळमात्र शंका नाही. दहा-पंधरा वर्षांतच त्या वेलींच्या वाइनला जगभर मागणी आली.

तेथलीच आणखी एक हकीकत सांगण्याजोगी आहे. मॅक्स शुबर्ट हा पेनफोल्ड्स या पेढीतला वाइन करणारा. १९५० साली तो बोर्दोला जाऊन दीर्घकाळ मुरणारी वाइन कशी करतात ते पाहून आला, आणि १९५१ मध्ये त्याने शिराझपासून तशी वाइन करण्याचा प्रयोग केला. तिचे नाव ग्रेंज एर्मिताज. १९५७ साली मालकांनी आणि जाणत्यांनी ती चाखली आणि एकमुखाने वाईट ठरविली. वाइन बंद करण्याचा हुकूम निघाला. शुबर्टने तो मानला नाही. तीन हंगाम तो तळघरात गुपचूप वाइन करीत राहिला. तोवर आधीच्या बाटल्या मुरल्या, त्यांचा कठोरपणा ओसरला, आणि १९६० मध्ये त्याच मालकांनी उत्पादन पुन्हा सुरू करण्याची आज्ञा दिली. ज्यांनी नाके मुरडली होती त्यांची जीभ खोटी नव्हती. त्यांनी चाखली ती वाइन खरोखरच तुरट होती. फक्त पाच-सात वर्षे थांबावयास हवे होते, आणि हे पेल्यात दिसत नाही.

आता आपल्या घराकडे येऊ. नाशिक भागात खाण्याच्या द्राक्षांची परंपरा जुनी आहे. थॉम्पसन, तास-ए-गणेश, सोनाका ही नावे तेथे शाळकरी मुलांनाही येतात. वाइनच्या द्राक्षांची लागवड १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून वाढली, २००१ साली महाराष्ट्र शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले, आणि शिराझ हे तेथील लाल वाइनचे एक प्रमुख द्राक्ष बनले. परंतु ऱ्होनकाठी जी वेल हिवाळ्यात झोपते, तिला दिंडोरीत झोप येत नाही. आमचा शेतकरी तिला वर्षातून दोनदा छाटतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ती काडी तयार होण्यासाठी. आणि पावसाळा सरता सरता ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. त्यानंतर जानेवारी ते मार्च या काळात द्राक्षे उतरतात. युरोपात फळ पिकते तेव्हा हवा उन्हाकडून थंडीकडे जात असते. नाशिकला ती थंडीकडून उन्हाकडे येते. म्हणजे तेच द्राक्ष आपल्याकडे ऋतूंच्या उलट दिशेने चालत पिकते. तोडणी जानेवारीत की मार्चमध्ये, यावर मिरी टिकणार की मुरंबा होणार हे पुष्कळसे अवलंबून असते. नाशिकच्या शिराझचा स्वतःचा आवाज कोणता, हे अजून ठरावयाचे आहे. एर्मिताजला त्यासाठी काही शतके लागली. काही बाटल्यांत मला तो आवाज ऐकू आल्यासारखा वाटला, काहींत नुसतीच लाकडी पिंपांची व्हॅनिला आणि गोडवा. ऑस्ट्रेलियासारखी करू पाहण्यापेक्षा आपल्या माळाला काय म्हणावयाचे आहे ते ऐकणारे तरुण वाइनकार तेथे आहेत, आणि घाई करणारे बाजारही तेथेच आहेत.

ज्यांना वाइन चाखावयाची नाही, त्यांनाही या द्राक्षाशी ओळख करून घेता येते. फेब्रुवारीत नाशिककडे गेलात तर कोण्या ओळखीच्या बागाईतदाराकडे शिराझचा एक घड मागावा. तो हसेल. हे खायचे द्राक्ष नव्हे, असे सांगून शेजारच्या बागेतली थॉम्पसन पुढे करील. तरीही मागावा. मणी लहान, किंचित लांबट, निळसर काळे. साल जाड आणि आत दोन-तीन बिया. एक मणी बोटांत दाबला तर आतला गर आणि रस जवळजवळ रंगहीन निघतो. सारा रंग सालीत आहे, आणि मिरीही सालीतच. गर गिळून टाकावा, तो केवळ गोड असतो. बी चावून पाहावी. कच्ची असेल तर हिरवट कडू लागेल, पिकलेली असेल तर भाजल्या दाण्यासारखी. आणि साल मात्र थुंकू नये. ती सावकाश, शेवटपर्यंत चावत राहावी.